अब्बांचा नळ

आमच्या मोरीतला नळ बंद करायची एक पद्धत होती. आधी पूर्ण आवळायचा, मग पाव फेरा उलटा सोडायचा, मग पुन्हा झटक्यात आवळायचा. एवढं केलं की धार थांबायची. थेंब मात्र थांबायचे नाहीत. नवा पाहुणा आला की त्याला साबण-टॉवेलबरोबर ही पद्धतही सांगावी लागे. माझ्या लग्नानंतर बायकोला घर दाखवताना तिसऱ्या की चौथ्या दिवशी भाभीनं तिला मोरीत नेऊन हे शिकवलं. आज एकोणीस वर्षं झाली. पोरं वजू करून पळाली की मागून कोणीतरी ओरडायचं, "नल बराबर बंद कर रे!" आणि ज्यानं ओरडलं तीच उठून बंद करून यायची. 'तीच' म्हणतोय, कारण उठणारी नेहमी बाईच असायची.

हा नळ अब्बांनी १९८९ साली भुसावळहून आणला होता. पितळी, जड, हातात घेतला तर एखादं वजनाचं माप वाटावं असा. अब्बांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांच्यामागं घरात त्यांची काठी आहे, एक घड्याळ आहे आणि हा नळ होता. बदलायचा विषय निघाला की भाईजान म्हणायचे, "असं पितळ आता मिळतं का? वायसर बदला फक्त." मीही मान डोलवायचो. वायसर आम्ही किती वेळा बदलला याची मोजदाद नाही. महिनाभर बरं चालायचं, मग पुन्हा टपटप.

असं का होतं, हे मला पन्नाशीजवळ येईपर्यंत माहीत नव्हतं. जुन्या आट्यांच्या नळात रबरी वायसर खाली पितळेच्या बैठकीवर दाबला जातो आणि पाणी अडतं. आमचं पाणी बोअरचं, क्षाराचं, त्यात बारीक रेती. एवढ्या वर्षांत ती बैठकच खरवडून निघालेली. खरबरीत बैठकीवर नवा वायसर ठेवला की तो महिनाभरात कापला जातो. गळतो म्हणून माणूस जास्त जोर लावून आवळतो, आणि जोर लावला की वायसर आणखी लवकर कापला जातो. म्हणजे पस्तीस वर्षं आम्ही सगळे मिळून तो नळ बंद करता करता खराब करत होतो.

आता माझी मूळ तक्रार. ती नळाबद्दल नाही, आमच्याबद्दल आहे. आमच्या म्हणजे घरातल्या पुरुषांबद्दल.

फैजपूर केळीचं गाव. रावेर, यावल, सावदा, फैजपूर, इथं दोन माणसं भेटली की सलामनंतर केळीचा भाव. सातपुडा डोक्यावर, तापी पायाशी, आणि तरी रावेर-यावल हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी कित्येक वर्षं सरकारी यादीत आहेत. बोअर खोल खोल जातात. म्हणून बागा ठिबकवर आल्या. भाईजानकडे तीन एकर केळी आहे. ते रोज फजर पढून शेतात जातात आणि पहिलं काम काय करतात, तर नळ्यांवरून चालत जातात. कुठं जोड सुटला, कुठं उंदरानं नळी कुरतडली, कुठं ड्रिपर तुंबला, हे बघतात. गळती दिसली तर तिथंच बसून दुरुस्त करतात. खिशात दोन जोड आणि एक ब्लेड कायम असतं. हाच माणूस घरी येऊन त्याच मोरीत पाय धुतो, नळ आवळतो, तो टपटपत राहतो आणि हा टॉवेल खांद्यावर टाकून निघून जातो.

मी काही वेगळा नाही. शाळेत पाणी वाचवा म्हणून पोरांकडून भित्तिपत्रकं करून घेतो. रंगीत थेंब, त्याला डोळे, हात जोडलेले. आणि रात्री अंथरुणावर पडून घरातली टपटप ऐकतो.

मशिदीचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीत वजूखान्यातला एक नळ रमजानच्या आधी गळायला लागला. असरला कोणाच्या तरी लक्षात आलं, मगरिबला कमिटीच्या लोकांशी बोलणं झालं, दुसऱ्या दिवशी जोहरच्या आत नवा नळ लागला. पैसे कोणी दिले हेही कळलं नाही, इतक्या सहज झालं. मला याचा आनंदच आहे. पण त्या वजूखान्यात बसणारे सगळे पुरुष. घरच्या मोरीत वजू करणाऱ्या माझी आई, भाभी, बायको, मुली. तिथला नळ एक दिवसात, इथला पस्तीस वर्षांत. याचं दुसरं कारण कोणाकडे असेल तर मला जरूर सांगा.

आणि आमच्याकडे दीनच्या नावानं पाण्याबद्दल किती बोललं जातं! रसूलुल्लाह (स.) एका मुद पाण्यात वजू करत, हे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेलं आहे. मुद म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ, फार तर लिटरभर. जुमाच्या बयानात हे आम्ही शंभरदा ऐकलंय. बयान ऐकून घरी येतो आणि जेवायला बसतो.

या सगळ्यात नळ सहन कसा होत राहिला? कारण अम्मीनं तो सहन होण्यासारखा करून ठेवला होता. नळाखाली कायम एक बादली. थेंबांनी भरत आली की अम्मी ती काढून भांड्याला वापरायची, मग दुसरी लावायची. रात्री बारा-एकला उठून बादली बदलायची, नाहीतर फजरपर्यंत भरून वाहायची. अम्मीचे गुडघे गेल्यावर हे काम भाभीकडे आलं आणि मग माझ्या बायकोकडे. आम्ही काय म्हणायचो? "वाया कुठं जातंय? बादलीत तर पडतंय." खरंच वाया जात नव्हतं. तीन बायकांची झोप जात होती, पण ती कुठल्या बादलीत पडत नाही, म्हणून दिसत नव्हती. २०१९ सालच्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात आणि पुरुषाची ९७, असा आकडा आला होता. आमच्या घरात ९७ मिनिटं करणारा पुरुष कोण, हे मी बराच वेळ शोधलं.

यंदा गोष्ट हलली ती माझ्या मुलीमुळं. नववीत आहे. जूनचा पहिला आठवडा, बकरी ईदला दोन-तीन दिवस राहिलेले, धाकटा भाऊ सुरतहून बायको-पोरांसकट आलेला. घर भरलेलं आणि मोरीवर रांग. ऊन असं की टाकीतलं पाणी संध्याकाळीही चटके देतं. ईदला पाणी किती लागतं ते सांगायला नको. जेवताना नळाचा विषय निघाला तसे भाईजान बोलले, थेंबाथेंबानं काय होतं. मुलगी काही बोलली नाही. रात्री दहाला तिनं रिकामी बादली लावली, सगळ्यांना मोरी वापरायची असेल तर बाहेरचा माठ वापरा म्हणून बजावलं आणि फजरला साडेचारला उठून लिटरच्या बाटलीनं पाणी मोजलं. दहा बाटल्या भरल्या. साडेसहा तासांत दहा लिटर. वहीत तिनं पुढचा हिशेब केला: दिवसाला सुमारे सदतीस लिटर, वर्षाला साडेतेरा हजार.

नाश्त्याला वही भाईजानसमोर ठेवली. "बडे अब्बू, मे महिन्यात केळीच्या एका झाडाला रोज किती पाणी सोडता?"

"वीस लिटरच्या आसपास."

"मग दोन झाडं आपल्या मोरीत आहेत."

भाईजान हसले नाहीत. माणसाला त्याच्याच भाषेत सांगावं लागतं, हे मी शिक्षक असून मला सुचलं नव्हतं. झाडाचा हिशेब त्यांना लगेच समजला. तरी मी मध्ये तोंड घातलंच. म्हणालो, "पण अब्बांची निशाणी आहे. बदलायचा तर अम्मीला वाईट वाटेल."

अम्मी दारापाशी बाजेवर बसून लसूण सोलत होती. तिनं मान वर केली. "किसको बुरा लगेगा? तुम्हारे अब्बा को दस दफा बोली थी मैं, ये नल बदलो. लाए उसी साल बोली थी."

आम्ही तिघं भाऊ एकमेकांकडं बघत राहिलो.

मग एकेक निघालं. नळ लावला तोच खाली, गुडघ्याएवढ्याही उंचीवर नाही, कारण अब्बांनी तो बादली भरायला लावला होता. वजू करायला वाकावं लागतं. तिच्या बोटांचे सांधे सुजतात, त्याला दहा-बारा वर्षं झाली. गोल मूठ आवळताना फजरच्या वेळी कळ येते. म्हणून ती कधी कधी नळ न वापरता बादलीतूनच तांब्यानं वजू करायची. आम्हाला वाटायचं सुन्नत म्हणून कमी पाण्यात करते. अकरा वर्षं आम्ही जी आठवण जपत होतो, ती आमची होती. तिला अब्बांची आठवण यायला नळ लागत नव्हता.

इथं एक गोष्ट कबूल करतो. मरहूम माणसाच्या वस्तूला हात लावायचा नाही, ही भावना खोटी नसते. मला त्या पितळेवर अब्बांचा हात दिसायचा. पण ती भावना सोयीचीही होती. पैसे वाचत होते, सुट्टीचा दिवस वाचत होता आणि वर आपण हळवे मुलगे ठरत होतो. घड्याळ बंद पडलं तेव्हा तेही अब्बांचंच होतं, पण मी ते आठवड्यात दुरुस्त करून आणलं. घड्याळ मी बघतो.

ठरलं की ईदच्या आधी नळ बदलायचा. मिस्त्रीला फोन केला, तो म्हणाला, ईदनंतर बघू, एका नळासाठी आत्ता कुठं. त्याचंही खरं होतं, त्याच्या घरीही ईद होती. भाईजान म्हणाले, रोज शेतात नळ्या जोडतो, एक नळ बसवता येणार नाही का?

नळ आणायला मी निघालो, तर मुलीनं अडवलं. "दादीला घेऊन जा." गुडघ्यामुळं अम्मी बाजारात जात नाही. पुतण्याच्या मोटारसायकलवर मागं बसवून तिला हार्डवेअरच्या दुकानात नेलं. दुकानदार नळ काढून माझ्यापुढं ठेवत होता, मी ते तिच्यापुढं सरकवत होतो. तिनं पाच-सहा नळ हातात घेऊन नुसते फिरवून पाहिले. चकचकीत, गोल मुठीचा, सगळ्यांत महाग होता तो तिनं पहिल्यांदा बाजूला केला. मग दांडीचा घेतला, पाव फेऱ्यात उघडतो-मिटतो तसा. तो एका बोटानं फिरवला. मग मनगटानं ढकलून पाहिला. "ये," म्हणाली. दुकानदारानं सांगितलं, यात रबरी वायसर नसतो, सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात, भोकाला भोक जुळलं की पाणी, सरकलं की बंद; जोर लावायचं कामच नाही. फक्त रेती येत असेल तर चकतीला चरे पडतात, म्हणून आधी जाळी बसवा. साडेपाचशेचा नळ, वर जाळी, टेपचं एक रीळ. पस्तीस वर्षांच्या भांडणाची किंमत सातशेच्या आत.

परतताना अम्मीनं मोटारसायकल बाजारातून हळू घ्यायला लावली. किती दिवसांनी बाजार बघितला, म्हणाली.

दुपारी काम काढलं. पहिला गोंधळ टाकीवर. पाणी बंद करायला धाकटा गच्चीवर चढला, एक कॉक बंद केला, खाली नळ चालूच. दुसरा बंद केला, स्वयंपाकघरातलं पाणी गेलं, मोरीतलं चालूच. वरून तो ओरडतोय, खालून भाईजान. माझी बायको भात टाकून बाहेर आली आणि म्हणाली, "जिन्याखाली आहे मोरीचा. निळ्या फडक्यानं बांधलाय." तीनदा टाकी धुताना तिनंच तो शोधून फडकं बांधून ठेवलं होतं. आम्हाला आमच्या घरातलं पाणी कुठून कुठं जातं तेच ठाऊक नव्हतं.

इथून पन्नास-साठ किलोमीटरवर बऱ्हाणपूर आहे. तिथं १६१५ मध्ये, अब्दुर्रहीम खानखानानच्या काळात, सातपुड्याकडून तापीकडं जाणारं जमिनीखालचं पाणी विहिरी-विहिरींच्या माळेनं शहरात आणलं. कुंडी भंडारा म्हणतात त्याला. मी दर दोन वर्षांनी शाळेची सहल तिकडं नेतो आणि पोरांना अभिमानानं सांगतो, बघा आपल्या पूर्वजांचं पाण्याचं ज्ञान. आपल्या घराचा कॉक जिन्याखाली आहे हे मला यंदा कळलं. असो.

दुसरा गोंधळ मोठा. भाईजाननं पाना लावून जोर दिला. नळ फिरला, सगळ्यांनी 'निघाला' म्हटलं, आणि लक्षात आलं की नळ फिरत नाहीये, भिंतीतला लोखंडी निपलच फिरतोय. गंजून नळाशी एकजीव झालेला. आणखी एक जोर, आणि निपल आतच तुटला. अर्धा पानाबरोबर बाहेर, अर्धा भिंतीत. बकरी ईद परवा, घरात सोळा माणसं, मोरीला नळ नाही. भाभी काही बोलली नाही, पण तिनं ज्या नजरेनं भाईजानकडं बघितलं ती मी लिहीत नाही.

मिस्त्रीला पुन्हा फोन. तुटला म्हटल्यावर तो आला. मगरिबनंतर, हसत. छिन्नीनं भिंत फोडून त्यानं तुटका तुकडा काढला. मग विचारलं, "पहिल्याच जागेवर लावू?" भाईजान हो म्हणणार, तेवढ्यात माझी बायको म्हणाली, भिंत फुटलीच आहे तर वर घ्या. किती वर? यावर आम्ही तिघं भाऊ अंदाज सांगायला लागलो, दोन फूट, अडीच फूट. मुलीनं स्टूल आणून मोरीत ठेवलं आणि अम्मीला त्यावर बसवलं. अम्मीनं पाण्याशिवाय वजूची सगळी हालचाल करून दाखवली. हात, तोंड, कोपर, मग पाय पुढं. मुलीनं कोळशानं भिंतीवर खूण केली. मग भाभीला उभं करून बादली धरायला लावली. खूण दोन बोटं खाली आली. मिस्त्री छिन्नी हातात धरून उभा होता. म्हणाला, एवढी वर्षं नळ लावतोय, माप भिंतीचं घेतो, माणसाचं आज पहिल्यांदा घेतलं.

भाईजानला टेप गुंडाळायचं काम मिळालं. आट्यांच्या दिशेनं, उलटा गुंडाळला तर बसवताना सुटतो, हे त्यांनी पुतण्याला शिकवलं आणि पुतण्यानं लगेच उलटा गुंडाळून दाखवला. धाकट्यानं माती उचलली. पाना शेवटचा आवळला तो मुलीनं. मिस्त्रीनं हात धरून सांगितलं, बस, आता नको, जास्त आवळला तर फुटतो. रात्री साडेनऊला जिन्याखालचा कॉक उघडला. आधी गंजाचं लाल पाणी, मग स्वच्छ. अम्मीनं मनगटानं दांडी ढकलली. बंद. आम्ही बराच वेळ तोटीकडं बघत उभे होतो. एक थेंब लोंबत राहिला, पडला नाही.

हजरत आयेशांना (र.) कोणीतरी विचारलं होतं की रसूलुल्लाह (स.) घरात असताना काय करत. त्यांनी सांगितलं, घरच्यांच्या कामात असत. आणि दुसऱ्या एका रिवायतीत आहे की स्वतःची चप्पल स्वतः शिवत, कपड्याला ठिगळ स्वतः लावत. मिस्वाक, दाढी, पाणी बसून पिणं या सुन्नतींवर आमच्याकडे तासन्‌तास चर्चा होते. चप्पल शिवण्याच्या सुन्नतीवर मी एकही बयान ऐकलेलं नाही. ऐकणारे बहुतेक माझ्यासारखेच असतात, म्हणूनही असेल.

आमच्या गावाचं नाव निघालं की लोक १९३६ वर येतात. ग्रामीण भागातलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू, नंदलाल बोसांनी बांबू आणि गावातल्याच सामानानं सजवलेलं टिळकनगर. आम्हा फैजपूरकरांना ते सांगायला आवडतं आणि त्यात वावगं काही नाही. शेतकऱ्याच्या प्रश्नांवर त्या अधिवेशनात ठराव झाला, तोही आम्ही सांगतो. चौकात बसून देशाचं ठरवायची सवय आम्हाला तेव्हापासूनची आहे. मोरीचं ठरवायला मात्र घरात कधी बैठक बसली नव्हती. ती त्या रात्री बसली, ओल्या फरशीवर, भिंतीच्या ढिगाऱ्याशेजारी, चहा घेऊन. धाकटा म्हणाला, सुरतला गेलो की आधी बायकोला विचारतो. त्याची बायको म्हणाली, विचारायची गरज नाही, मी यादी पाठवते.

जुना नळ पुसून मी कपाटात ठेवणार होतो. अम्मी म्हणाली भंगारात दे, पितळ आहे, पैसे येतील. मी नाही दिला अजून. यावर घरात मतभेद आहेत.

ईदच्या तिसऱ्या दिवशी पाहुणे गेले आणि घर शांत झालं, तेव्हा मी अम्मीला विचारलं, आणखी काही आहे का, जे आम्हाला माहीत नाही. ती थोडी थांबली. मग म्हणाली, संडासच्या दाराची कडी. ती आतून लागतच नाही, चार वर्षं झाली. बायका आत गेल्या की दाराला बादली लावून ठेवतात.

आम्हा पुरुषांना हे कळलं नव्हतं, कारण आम्ही दार नुसतं लोटून घेतो.